कारणाचा रकाना

बत्तीस वर्षं काडतुसं तपासली मी वरणगावच्या फॅक्टरीत.
हातात दोन गेज.
एकात काडतूस अलगद जायला हवं,
दुसऱ्यात जायलाच नको.
गेलं, की लाल ट्रे.
ती पुढं कुठं जातात, हे विचारणं
आमच्या टेबलाचं काम नव्हतं.
पितळेचा वास मात्र घरी यायचा माझ्यासोबत.
ही काही बोलायची नाही,
भाकरी वाढण्याआधी माझ्या बोटांकडं बघायची फक्त.

रिटायर झालो. गेज जमा केले, सही दिली.
फंडाचे पैसे आले.
जावई नाशिकचा, हेमराज, म्हणाला,
"मामा, एफडीत कुजवू नका.
तोफगोळे आता देशातच घ्यायचे ठरलंय.
गिऱ्हाईक एकच, पण बुडवणारं नाही.
अशा दुकानात भागी घ्यावी."
कंपनी गुजरातेतली. गोळ्यांची कवचं करते.
मी कधी पाहिली नाही तिची भट्टी.
तीनशे बाराच्या भावानं चारशे शेअर घेतले.

केळीचा भाव कळतो मला.
उत्तरेत धुकं धरलं, ट्रक अडकले, की पडतो.
उपासाचे दिवस आले की चढतो.
सावद्याला कुणालाही विचारा.
हिचा भाव कळावा म्हणून एक वही केली.
तारीख, भाव, कारण. तीन रकाने,
लॉट नंबर लिहायचो त्याच अक्षरात.
ऑर्डर मिळाली : चढला.
दिल्लीत बिल अडकलं : उतरला.
सीमेवर गोळीबार : चढला.
बोलणी सुरू : उतरला.
बोलणी फिसकटली.

एक फेब्रुवारीला पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती.
भरिताचं ताट घेऊन टीव्हीसमोर मी आणि चुडामण वारके,
आमचा जुना फोरमन.
संरक्षणाचा आकडा आला. गेल्या सालापेक्षा मोठा.
चुडामणनं मांडीवर थाप मारली.
शेअर पडला.
सात टक्के, ताटातलं संपायच्या आत.

मी फोन लावला. "वाढवले ना पैसे?"
"वाढवले हो मामा. पण बाजाराला वाटलं होतं त्याहून कमी."
"बाजाराला काय वाटावं, हे कोण ठरवतं?"
हेमराज हसला नुसता.
चुडामण म्हणाला, "अरे भो, पोरानं शंभर मांगले,
बापानं पन्नास देले, तं पोरगं रडीनच ना."
आणि आणखी एक भाकरी मागितली.

मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
रात्री अकरालाही भिंतीला हात लावता येत नव्हता.
इंदूबाई फेगडे आल्या, शेजारच्या,
पदरानं मान पुसत.
"भाऊ, तुमच्या मोबाईलवर बातमी लवकर येते म्हणे.
लोकेशचा फोन नाही परवापासून."
लोकेश कुठल्या चौकीवर आहे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.
मी मोबाईल उघडला.
बातमीच्या आधी तोच उघडला, माझा रोजचा पडदा,
बाजार बंद होतानाचा आकडा.
हिरवा. अपर सर्किट.
घ्यायला रांग, विकायला कुणी नाही.

इंदूबाई वाकून बघत होत्या.
चष्मा घरी राहिला होता त्यांचा.
"हिरवं दिसतंय," त्या म्हणाल्या.
"हिरवं म्हणजे बरं ना, भाऊ?"

मी हो म्हणालो.

कूलरचं पाणी संपलं होतं, मोटर नुसती फिरत होती.
मग बातम्या लावल्या. त्यांत नाव नव्हतं कुणाचं.
जाताना त्यांनी पायरीवर जरा टेकून घेतलं.

चौथ्या दिवशी लोकेशचा फोन आला.
केळीचे वेफर्स पाठव म्हणाला आईला,
जाड नको, पातळ.
त्यातलेच वाटीभर माझ्याकडं आले, अजून गरम.
मी खाल्ले.

चारशेपैकी किती विकले, ते हेमराजला माहीत आहे.
वहीत त्या तारखेपुढं भाव लिहिलाय, पैशापर्यंत.
तिसरा रकाना कोरा आहे.
पेन चालत होतं.